दप्तरी नसलेलं टेबल

आमच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर पंढरपूरचा विठोबा होता, पण त्याचं तोंड कधी दिसायचं नाही. डोळ्यांवर एक्सेलची चौकट, गंधावर ‘न्यू फोल्डर’, मकरकुंडलांच्या जागी लग्नपत्रिकांची डिझाइनं, आणि कटेवरचे हात तेवढे मोकळे. दादा डीटीपीची कामं घरी आणायचा आणि काय काय उतरवून घ्यायचा, ते पडेल तिथे पडून राहायचं. एका संध्याकाळी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चष्मा पुसत विचारलं, "देवाच्या अंगावर हे कागद कोणी टाकले?" कॉम्प्युटर शिकायची त्यांना काही हौस नव्हती. निवृत्त झाल्यापासून दुपारी ते रेडिओ ऐकत पडायचे आणि उन्हं उतरली की स्टेशनपर्यंत पाय मोकळे करून यायचे, बस. देवाचं तोंड मोकळं करायचं म्हणून त्यांनी पहिल्यांदा माउसला हात लावला.

आमचं घर मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये. सव्वादोनशे चौरस फूट. हार्बर लाइनच्या रुळांलगतची झोपडी गेली आणि तिच्या बदल्यात हे घर मिळालं. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात अशी हजारो कुटुंबं रुळांच्या कडेवरून उठून इथे, वाशी नाक्याला आणि आणखी कुठे कुठे गेली. इमारती इतक्या खेटून की समोरच्या घरात कुठली मालिका चालू आहे ते आवाज बंद करूनही कळावं. त्या एका खोलीत एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला मोरी आणि मधल्या भिंतीला कॉम्प्युटरचं टेबल. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जुना सीपीयू टेबलाखाली ठेवलेला, त्याला पाय लागला की आई कॉम्प्युटरला नमस्कार करायची. मॉनिटरवर तिच्याच जुन्या सुती साडीचा अभ्रा. कुकरची शिट्टी झाली की दादा हातातलं काम थांबवून पडदा पुसून घ्यायचा.

आबा एका सरकारी कचेरीत दप्तरी होते. कारकून लिहितो, साहेब सही करतो, पण तो कागद पुढे जगतो तो दप्तरीच्या हातात. दाभणाने भोकं पाडायची, दोरा ओवायचा, पानांना क्रमांक घालायचे, गठ्ठा बांधायचा, वर चिठ्ठी लावायची, फडताळात चढवायचा. पावसाळ्याआधी डांबराच्या गोळ्या, पावसाळ्यानंतर ऊन. आणि आतून घंटी वाजली की धुळीतून नेमका तो गठ्ठा काढून साहेबाच्या पुढ्यात ठेवायचा. कचेरीच्या जुन्या कपाटांत जमिनीचे कागद मोडीतले होते. आबांना मोडीचं एक अक्षर येत नव्हतं, पण कुठल्या गावाचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, कुठल्या फळीवर हे तोंडपाठ होतं. वाचता येणं आणि सापडवता येणं या दोन निराळ्या विद्या आहेत, हे मी त्यांच्याकडे बघत शिकले. दुसऱ्या विद्येचा पगार नेहमीच कमी.

पुण्याच्या पेशवे दप्तराची गोष्ट मी त्यांना पुढे कधीतरी वाचून दाखवली होती. गो. स. सरदेसायांनी १९३० नंतरच्या चारेक वर्षांत तिथल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. आबांना इतिहासात रस नव्हता. पानिपताचं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "रुमाल सोडत कोण होतं? आणि वाचून झाल्यावर परत बांधत कोण होतं?" खंडांवर सरदेसायांचं नाव आहे, ते असायलाच हवं. पण गाठ सोडून, धूळ झटकून, तीच घडी पाडून परत गाठ मारणाऱ्याचं नाव कोणत्या मुखपृष्ठावर यायचं?

तर असा माणूस पडद्यासमोर बसला. पहिले काही दिवस डबल क्लिकमध्ये गेले. दोन टिचक्यांच्या मधलं अंतर त्यांच्या बोटांना जमेना; एक टिचकी, मग विचार, मग दुसरी टिचकी. कॉम्प्युटरला तो विचार नको होता. ते जमल्यावर खरी अडचण आली. कचेरीत फाइल म्हणजे पुठ्ठा, फीत, आत एका अंगाला टिपणी आणि दुसऱ्या अंगाला पत्रव्यवहार. इथे एकेक सुटं पत्र स्वतःला फाइल म्हणवत होतं. "हा तर नुसता कागद," आबा म्हणायचे, "याला फाइल कोणी केलं?" फोल्डर म्हणजे त्यांची फाइल, आणि फोल्डरमधल्या फोल्डरमधला फोल्डर म्हणजे कपाट, फळी आणि गठ्ठा, हे एकदा बसल्यावर मात्र त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. उलट आम्हीच मागे पडलो.

त्यांचा पहिला वाद झाला ‘माय डॉक्युमेंट्स’शी. "माय म्हणजे कोणाचं?" घरात माणसं एवढी आणि कॉम्प्युटर एक. दादाच्या पत्रिका, माझ्या नोट्स, वहिनीच्या बचत गटाचा हिशेब, भाचीचे फोटो, सगळं त्या एका ‘माय’मध्ये. ज्यांनी ते नाव ठेवलं त्यांच्या डोळ्यांपुढे एक माणूस, एक खोली, एक टेबल असं चित्र असणार. आबांनी आत प्रत्येकाच्या नावाचा फोल्डर केला. आईच्या नावाचाही. ती म्हणाली, "माझं काय आहे त्यात ठेवायला?" ते म्हणाले, "असू दे. जागा असली की कागद येतात."

दुसरा वाद अक्षरांवरून. कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी अशा दोन जागा दिसत होत्या. ए आणि बी कुठे गेल्या, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. त्या दोन जागा फ्लॉपीसाठी राखलेल्या होत्या, फ्लॉपी गेली आणि अक्षरं मात्र रिकामी ठेवून गेली, असं दादाने सांगितलं. सरकारी माणसाला हे लगेच पटतं. पद रद्द झालं तरी खुर्ची राहते. पण डी ड्राइव्हमध्ये काही ठेवायला ते तयार होईनात. सरकारी अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ म्हणजे कायम जपायचे, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ त्याहून कमी, आणि ‘ड’ म्हणजे वर्षभराने नष्ट करायचे. उभी हयात ‘ड’चे गठ्ठे रद्दीसाठी बाजूला काढलेला माणूस घरातले महत्त्वाचे कागद ‘डी’त कसे ठेवील? दुरुस्तीवाला पोरगा आला, तो नेमकं उलटं सांगून गेला. "अंकल, सीमध्ये काय ठेवू नका. फॉरमॅट मारला की सी साफ. डीचं राहतं." पडद्यावर दिसतं तेही सीमध्येच असतं, म्हणजे देवाच्या अंगावर टाकलेले सगळे कागद पहिल्या फटक्यात जाणार, हेही त्यानेच सांगितलं. आबा बराच वेळ गप्प होते. मग डीमध्ये जाऊन त्यांनी ‘अ कायम’ नावाचा फोल्डर केला. आपल्या वर्गवारीची सोय त्यांनी शत्रूच्या मुलखात लावली.

कचेरीतल्या टेबलावर सहा गठ्ठे असत, म्हणजे असावेत असा नियम होता. चालू प्रकरणं, उत्तराची वाट बघणारी, ठरल्या मुदतीला पाठवायची विवरणपत्रं, स्थायी आदेश, रेकॉर्ड रूमला जायची आणि नष्ट करायची. अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी १९८०च्या दशकात आपल्या कचेरीतले वर्षानुवर्षांचे साचलेले कागद निवडून घेतले, लावून घेतले, बसण्याची व्यवस्था बदलली. त्या कामाची राज्यभर ‘लखीना पॅटर्न’ म्हणून चर्चा झाली. आबांच्या तोंडी हे नाव आजही येतं. आमच्याकडच्या थोर पुरुषांच्या यादीत एक जिल्हाधिकारी केवळ कपाटं आवरली म्हणून आहे. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. आपल्या राज्यात भाषणांची आठवण ठेवतात. कोणी कपाट आवरलं याची ठेवली जाते, हे विशेष.

आबांनी दादाच्या कामांना सहा गठ्ठे लावले. ‘गिऱ्हाइकाच्या उत्तराची वाट’ असा एक फोल्डर झाला आणि त्यातच सगळ्यात जास्त फाइली निघाल्या. दादाची फाइलींना नावं द्यायची पद्धत वेगळीच होती. ‘पत्रिका फायनल’, ‘पत्रिका फायनल नवीन’, ‘पत्रिका फायनल नवीन खरी’. झेरॉक्सच्या दुकानातून यायच्या त्या ‘स्कॅन०००१’. आबा चिडायचे: "आवक क्रमांक नाही, विषय नाही, तारीख नाही. हा कागद अनाथ आहे." मग एकेक फाइल उघडून, आत डोकावून, तिला नाव द्यायचं: आधी साल, मग महिना, मग विषय. काही फाइली उघडल्यावर आत नुसती चिन्हं; इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधला मजकूर होता तो, आणि तो फॉन्ट या कॉम्प्युटरमध्ये घातलेला नव्हता. आम्ही पुसून टाका म्हणालो. आबांनी ‘मोडी’ नावाचा फोल्डर करून त्या तिथे ठेवल्या. वाचणारा येईपर्यंत कागद सांभाळायचा असतो, असं त्यांचं म्हणणं.

पुसण्याच्या बाबतीत ते फारच कडक. कचेरीत ‘ड’ कागद नष्ट करायचे तर यादी लागते, मंजुरी लागते, सही लागते. इथे एक कळ दाबली की कागद कचरापेटीत. "कोणाच्या सहीने?" पुढे शेजाऱ्यांचेही कागद आमच्या कॉम्प्युटरमध्ये येऊ लागले, तेव्हा एकदा शेजारच्या मावशींनी घरातल्या भांडणाच्या भरात सांगितलं, की माझ्या दिराचे कागद तुमच्या मशीनमधून काढून टाका. आबांनी त्यांच्याकडे लेखी अर्ज मागितला. मावशी आठ दिवस बोलल्या नाहीत. भांडण मिटलं तेव्हा कागद जागेवर होते.

ही कागद-टेबल-कचरापेटीची सोंगं कुठून आली, म्हणून मी एकदा वाचत बसले. झेरॉक्स कंपनीने १९८१ साली ‘स्टार’ नावाचा कॉम्प्युटर काढला. त्याच्या पडद्यावर कचेरीतलं टेबल मांडलेलं होतं: कागद, फोल्डर, फाइलींचे खण, आवक-जावकचे ट्रे. आपण जिला झेरॉक्स म्हणतो, जिची पाटी मानखुर्द स्टेशनबाहेरही दोन-तीन दुकानांवर लटकलेली असते, तीच कंपनी. दोन वर्षांनी ॲपलच्या ‘लिसा’वर कचऱ्याची टोपली आली, आणि १९९५च्या विंडोजने ती आपल्यासारख्यांच्या घरात पोचवली. हे सगळं मी आबांना सांगितलं. आवक-जावकचे ट्रे ऐकून त्यांचा चेहरा खुलला. मग म्हणाले, "टेबल घेतलं, ट्रे घेतले, टोपली घेतली. दप्तरी नाही घेतला?"

हा मुद्दा मला कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या त्या हुशार लोकांनी कचेरीची नक्कल केली ती खुर्चीत बसून जेवढं दिसतं तेवढ्याची. कागद आपोआप जागेवर जातात असं खुर्चीतून वाटतंच. उठून फडताळाकडे जाणारा माणूस त्या चित्रात आला नाही, आणि त्याचं काम नाहीसं न होता प्रत्येकाच्या गळ्यात पडलं. आज ज्याच्या घरात कॉम्प्युटर आहे तो स्वतःचा साहेब, स्वतःचा कारकून आणि स्वतःचा दप्तरी. पहिली दोन कामं आपण मिरवतो. तिसरं उद्यावर टाकतो, आणि मग एके दिवशी रात्री अकरा वाजता पॅनकार्डाची प्रत शोधत घरभर ओरडतो.

मानखुर्दमध्ये हे काम उद्यावर टाकून चालत नाही. इथे घर आधी कागदावर उभं राहतं, मग विटांवर. १९७६च्या झोपडी गणनेनंतरचा फोटोपास, १ जानेवारी १९९५च्या मतदारयादीतलं नाव, पुढे ती तारीख १ जानेवारी २००० झाली तर त्या काळातलं काहीतरी, लाइटबिल, रेशनकार्ड, सर्वेक्षणाची पावती, घर मिळाल्याचं पत्र. आपण अमुक दिवशी इथे होतो हे सिद्ध करण्यात माणसांची उमेदीची वर्षं गेली. प्रत्येक घरात एक पिशवी असते. पत्र्याच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत आणखी एक पिशवी, तिला रबर. आग लागली, पाणी शिरलं, बुलडोझर आला तर लेकरू आणि ती पिशवी, एवढं घेऊन निघायचं.

आमच्या पिशवीची मालकीण आई. तिला वाचता येत नाही. कागद ती रंगावरून, घडीवरून, बोटांना लागणाऱ्या जाडीवरून ओळखते. आबांनी ते सगळे स्कॅन करून ‘अ कायम’मध्ये लावले, साल-महिना-विषयासकट, आणि मोठ्या अभिमानाने तिला दाखवले. तिला दिसल्या एकसारख्या पिवळ्या पाकिटांच्या रांगा. "यात आपलं कुठलं?" आबांनी नावं वाचून दाखवली, तिचा चेहरा कोराच. मग मी फाइलींची चिन्हं मोठी केली, प्रत्येक कागदाचं छोटं चित्र दिसेल अशी. ती पुढे झुकली. रेशनकार्डाच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग, मतदारयादीच्या उताऱ्याला चहाच्या कपाचं वर्तुळ, घराच्या पत्राची मधली घडी जिथे विरली आहे ती जागा. "हे लाइटबिल नव्हे, हे मीटरच्या डिपॉझिटचं." आबांनी त्याला लाइटबिल असं नाव दिलेलं होतं. नाव बदललं गेलं.

ही बातमी मजल्यावर पसरायला वेळ लागला नाही. लोक पिशव्या घेऊन येऊ लागले. कुर्ल्याच्या एका मावशींचं रेशनकार्ड २००५च्या २६ जुलैच्या पाण्यात भिजून लगद्यासारखं झालेलं, शाई फुटून नावं एकमेकांत गेलेली. तेही स्कॅन झालं. आबांनी डीमध्ये इमारत, आत मजला, आत खोली अशी रचना केली. ती बघून लोकांना ते लगेच कळायचं, शिकवावं लागायचं नाही. रुळांलगत राहताना यांतल्या कोणालाच असा पत्ता नव्हता. पाइपाजवळ, मारुतीच्या मागे, अमक्याच्या बाजूला, असं विचारत विचारत पोस्टमन यायचा किंवा यायचा नाही. इमारत क्रमांक, विंग, मजला, खोली असा सलग ओळीत लिहिता येणारा पत्ता त्यांना आयुष्यात पहिल्यांदा इथे मिळाला होता. कॉम्प्युटरच्या वरच्या पट्टीत फोल्डरांची नावं एकामागे एक उमटतात, ती ओळ त्यांनी पत्त्यासारखीच वाचली. एका काकांनी आपली खोली पडद्यावर बघून विचारलं, "दार उघडा ना जरा."

माझ्या भाचीला यातलं काही माहीत नाही आणि गरजही पडत नाही. तिच्या मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत; त्यातला हवा तो ती दोन अक्षरं टाइप करून किंवा बोटाने सरकवत काढते. कोणता फोटो कुठे आहे असं विचारलं तर म्हणते, "मोबाइलमध्ये." तिला फोल्डर म्हणजे काय ते समजावताना आबांची दमछाक झाली. शोधलं की सापडतं, मग लावायचं कशाला? याचं उत्तर त्यांना देता येईना. मलाही चटकन देता आलं नाही. शोधायला निदान काय शोधायचंय ते माहीत असावं लागतं, एवढं मी म्हणाले. आपल्याकडे एखादी गोष्ट आहे हेच विसरलो तर कोणती अक्षरं टाइप करणार? आबांच्या फोल्डरमधून मी डिपॉझिटची पावती शोधायला जाते आणि वाटेत आजीचा दवाखान्याचा केसपेपर भेटतो. तो मी कधीच शोधला नसता. भाचीला हे पटलं नाही, आणि तिच्या वयात मलाही पटलं नसतं.

आता आबा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेन ड्राइव्हवर प्रत काढतात आणि वहीत नोंद करतात. वहीला ‘जावक’ असं नाव आहे. २०१५ साली डिजिलॉकर आलं, यथावकाश तिथेही त्यांनी खातं उघडलं. मध्यंतरी सोसायटीच्या एका कामासाठी घराचं पत्र लागलं. मी रंगीत प्रिंट काढून नेली, मोबाइलमधली पीडीएफही दाखवली. कार्यालयाच्या खिडकीतल्या माणसाने दोन्हींकडे बघितलं नाही. "मूळ प्रत आणा, सोबत दोन झेरॉक्स." घरी आले तेव्हा आबा बॅकअप घेत बसले होते. पत्र आईने ट्रंकेतून काढून दिलं.